आजाऱ्यांच्या यादीतलं नाव

आई,

आज चर्चमध्ये माझी साक्ष होती आणि मी ती दिली नाही. सकाळपासून डोकं तापलंय ते अजून उतरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. रविवारचं मटण जेवून हे आडवे झालेत, घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, ‘बाई, दोन पानांत बसेल एवढी साक्ष लिहून आणा, म्हणजे अडखळायला होत नाही.’ तर त्यातलं पहिलं वाक्य आठ दिवसांपूर्वी लिहून ठेवलंय : ‘प्रभूने मला कॅन्सरमधून पूर्ण बरं केलं.’ त्याच्यापुढे पेन हललंच नाही. त्याच पॅडचं पुढचं पान उलटून तुला लिहितेय. आणि आधीच सांगून ठेवते, गोडगोड काही लिहिणार नाही. इतकी वर्षं दर ईस्टरला पहाटे येऊन तुझ्या थडग्यावर फुलं ठेवली, मेणबत्ती विझू नये म्हणून ओंजळ धरून बसले, पण तुझ्याशी भांडायचं मात्र राहूनच गेलंय गो.

तू गेलीस तेव्हा बेचाळीसची होतीस. मी आता त्रेपन्न. म्हणजे मी तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठी आहे, तेव्हा मोठ्या बाईचं ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. तू नर्स होतीस. घर आणि चूल एवढंच माहीत असलेली बाई असतीस तर मी एक शब्द काढला नसता. पण सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात पंधरा वर्षं काढलेली सिस्टर होतीस तू. आळीतल्या बायका तुला विचारल्याशिवाय पोरांना जुलाबाचं औषधसुद्धा देत नसत. एकदा नाटे गावची एक मासे विकणारी बाई वॉर्डात आली होती, छातीतली गाठ वर्षभर लपवून, पार फुटून वास यायला लागल्यावर. त्या दिवशी घरी आल्यावर तू चप्पल काढायच्या आधी पडवीतच सुरू झालीस. ‘लाज! लाजेपायी मरतात मेल्या! अगो, नवऱ्याला नसेल सांगायचं तर नका सांगू, पण आम्हांला तरी सांगा!’ पप्पा म्हणाले, ‘हळू बोल, शेजारी ऐकतायत.’ तर तू म्हणालीस, ‘ऐकू देत की. त्यांच्यासाठीच बोलतेय.’ मी आत नारळ खवत बसलेले. मला तुझा काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू! शाळेत जाऊन मी मैत्रिणींना तुझी नक्कल करून दाखवली होती.

मग वर्षभराने तुझीच गाठ निघाली. तेव्हा तू शहाण्यासारखी वागलीस, ते मी नाकारत नाही. आठवड्याच्या आत मिरजेला जाऊन ऑपरेशन, मग विजेचे शेक. पप्पा शाळेत रजा टाकून तुझ्या उशाशी. शनिवारच्या गाडीने परत यायचे, सोमवारी पुन्हा जायचे. दादा चिपळूणला कॉलेजच्या होस्टेलवर, त्यामुळे घरात मी एकटी, आणि चर्चच्या मंडळीतल्या बायका पाळीपाळीने डबा घेऊन माझ्या सोबतीला. पप्पा मंडळीचे वडील, म्हणजे पंच; दर रविवारी उपदेश संपला की ते काळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन पुढे जात आणि आजाऱ्यांची नावं वाचत. प्रत्येक नावाला मंडळी आमेन म्हणे. तुझं नाव आलं की पप्पांचा आवाज चिरायचा आणि आमेन जरा मोठ्याने यायचं. त्या आमेनवर मी पुढचा आठवडा काढायचे. त्यात काही खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

तू परत आलीस ती हंगामाच्या सणाच्या चार दिवस आधी. वेदीसमोर भाताच्या लोंब्या, नारळ, भोपळे, पायाला दोरी बांधलेला कोणाचा तरी कोंबडा. तू पांढरी साडी नेसून, पदर डाव्या खांद्यावरून नीट ओढून घेऊन, माझ्या शेजारी बसलेलीस. पप्पा उठले, यादी वाचायला नाही, तर साक्ष द्यायला. मास्तरांचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत जाणारा. म्हणाले, ‘माझ्या पत्नीला प्रभूने पूर्ण बरं केलं आहे. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं वाट बघा. मी म्हणतो, प्रभूने केलेल्या कामाची वाट कसली बघायची?’ लोकांचे डोळे भरले. आणि मग त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, वही उघडली, पट्टी ठेवली आणि तुझ्या नावावर लाल शाईने रेघ मारली. शाळामास्तर ना, पट्टीशिवाय रेघ मारतील कशी! तुला आधी विचारलं होतं का त्यांनी? मला नाही वाटत. तू खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस, सोडत होतीस, पुन्हा गुंडाळत होतीस.

पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिरजेहून आली तेव्हा पप्पा म्हणाले, ‘आता कशाला?’ आणि तू ‘बरं’ म्हणालीस. बरं! नाट्याच्या त्या बाईवर ओरडणारी तू! नवऱ्याने देवळात उभं राहून सांगितलंय, मग बायको पुन्हा तपासायला गेली तर लोक काय म्हणतील, हाच हिशेब ना? तुझी पाठ दुखायला लागली, तू कोणाला कळू दिलं नाहीस. वॉर्डातल्या गोळ्या खाऊन ड्युटी करत राहिलीस. सात महिने. दवाखान्यात ड्रेसिंगचा ट्रे घेऊन जाताना पडलीस तेव्हाच कळलं सगळ्यांना. मी डबा घेऊन आले तर तुला तुझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या कॉटवर झोपवलेलं. डॉक्टर चिडलेले, ‘सिस्टर, तुम्ही? तुम्हीसुद्धा?’ पप्पा कॉटच्या पायथ्याशी उभे होते. आणि तू त्यांच्याकडे बघून हसलीस. हसलीस, आई! आणि म्हणालीस, ‘तुम्ही देवळात सांगून बसलेलात. मग मी कसं सांगणार होते?’

हे वाक्य मी चाळीस वर्षं चावतेय, गिळता काही येत नाही. देवाची अब्रू तू राखणार होतीस का? त्याला गरज होती तुझी? की पप्पांची अब्रू होती ती, आणि तू दोन्हीत फरकच केला नाहीस? तू गप्प बसलीस, म्हणून काही प्रभूचं नाव मोठं झालं नाही. उलट तुझ्या मातीला आलेल्या एका बाईने, मला जवळ घेऊन, माझ्या कानात सांगितलं, ‘घरातल्या कोणाचा तरी विश्वास कमी पडला असेल बघ.’ तेरा वर्षांच्या मुलीला! तिच्या हातातली फुलं हिसकावून तिच्या तोंडावर मारावी असं वाटलं होतं. मारली नाहीत, हे तुझे संस्कार. पप्पांनी त्यानंतर यादीची वही मंडळीच्या दुसऱ्या एका वडिलांच्या हाती दिली आणि मरेपर्यंत शेवटच्या बाकावर बसले. माझ्या लग्नानंतर तीन वर्षांनी गेले. या विषयावर आम्ही दोघं एकदाही बोललो नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि लोक म्हणत राहिले की बाप-लेकीचं किती गूळपीठ आहे.

आता माझं ऐक. मागच्या वर्षी मला झालं. डाव्याच बाजूला, तुझ्यासारखं. मी शाळेत मुलींना शिवण शिकवते; वर्गात कापड बेतताना टेबलाच्या कडेवर छाती टेकली आणि जाणवलं. त्याच संध्याकाळी ह्यांना सांगितलं. तुझं पाहिल्यामुळे सांगितलं, हे तुझे उपकार म्हणायचे तर म्हण. ऑपरेशन, सहा केमो, मग शेक, सगळं कोल्हापूरला. हे एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले तरी हात तोच. हातखंब्याला वळलो की मी डोळे मिटून घ्यायचे. आंबा घाट हे असा काढायचे की जणू मागे पन्नास पॅसेंजर बसलेत आणि नियंत्रक घड्याळ बघतोय. मी म्हणायचे, ‘अहो, मला केमोने नाही, तुमच्या वळणांनी उलटी होतेय.’ तर म्हणायचे, ‘कशाने का होईना, पिशवी धर.’ लेक पुण्याहून घरून काम मागून घेऊन तीन महिने राहिली. गोळ्यांचा तक्ता फ्रिजला लावला, आणि मी एखादी गोळी चुकवली की अशी खेकसायची की मला तुझी आठवण व्हायची. शेजारच्या काकूंनी माझ्यासाठी त्यांच्या ग्रामदेवीला नवस बोलला. मला चोरून नाही, दारात उभं राहून सांगितला. म्हटलं, ‘काकू, आमच्यात चालत नाही हो.’ तर म्हणाल्या, ‘तुमच्यात नसेल, आमच्यात चालतो. तू आधी बरी हो, फेडायचं मग बघू.’ आणि रोज सकाळी पेजेचा टोप आणून ठेवायच्या.

आणि दादा. तुझा मुलगा आता मंडळीचा वडील आहे, पप्पांच्या जागी. यादीची वही त्याच्याकडे असते. केमो सुरू झाल्यापासून या गुरुवारपर्यंत त्याने रोज सकाळी सहाला फोन करून माझ्यासोबत प्रार्थना केली, एक दिवस चुकला नाही. माझ्या तोंडात फोड आलेले, मला प्रभू हा शब्दसुद्धा नीट म्हणता येत नव्हता, पवित्र शास्त्र उघडलं तर अक्षरं पोहायची. तेव्हा मला कळलं की विश्वास काही दरवेळी आपल्याच अंगात असावा लागतो असं नाही. दादाच्या बोलण्यात होता, ह्यांच्या स्टिअरिंगवरच्या हातात होता, रविवारी माझं नाव वाचल्यावर आमेन म्हणणाऱ्या लोकांत होता, मी त्यांच्यावर टेकून पडले होते. मी देवावर चिडलेले नाही, आई. चिडायला हरकत नव्हती, पण नाही चिडले. तो त्या दिवसांत माझ्याजवळ होता एवढं मी कोणालाही सांगेन. पण हेच सांगायचं सोडून दुसरंच काहीतरी सांगायला लावतात, त्याची चीड आहे.

मागच्या महिन्यात शेक संपले. डॉक्टर म्हणाले, ‘आता दर तीन महिन्यांनी यायचं. पाच वर्षांनी आपण बोलू.’ पाळकसाहेबांना मी तेच सांगितलं. ते तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, पण त्यांना फक्त ‘संपले’ एवढंच ऐकू आलं. ‘बाई, तुमच्या साक्षीने किती जणांना धीर येईल!’ म्हणाले आणि पुढच्या पंधरवड्यातला रविवार ठरवून टाकला. मीही ‘हो’ म्हटलं. का म्हटलं? इतक्या लोकांनी इतकं केलं, त्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून. तू पदर का गुंडाळत होतीस ते मला त्या दिवशी थोडं कळलं. आणि दादाने, मला न विचारता, यादीतलं माझं नाव काढून टाकलं.

मग गेल्या मंगळवारी डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी वाटलं गॅस असेल. बुधवारी सकाळी खोकले तर कळ डोक्यात गेली. हे मोरीवर बांगडे साफ करत होते. मी दारात उभी राहिले आणि पाच मिनिटं नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिले. बोलायचं नव्हतं मला. खरं सांगते, रविवार चार दिवसांवर होता आणि मला वाटलं की राहू दे, सोमवारी सांगू. मग माझाच मला असा राग आला की मी ओरडलेच, ‘मला दुखतंय!’ ह्यांच्या हातातला बांगडा खाली पडला. मांजराने तो उचलून नेला तरी ह्यांनी बघितलं नाही. हात धुतले, कोल्हापूरला फोन लावला. येत्या बुधवारी स्कॅन आहे. लेकीला कळवलं, ती मंगळवारी येतेय. हे झाल्यावर बसून आम्ही दोघं उरलेले तीन बांगडे तळून खाल्ले. मला बरं वाटलं.

गुरुवारी दादा आला. मी त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, कप तसाच बशीत ठेवला. मग म्हणाला, ‘बुधवारचं बुधवारी बघू. रविवारची साक्ष होऊन जाऊ दे.’

‘काय होऊन जाऊ दे?’

‘अगं, उपासनेचे कागद छापून झालेत. बाहेरगावचे पाहुणे येतायत. तू विश्वासाने बोल. बोलण्यात ताकद असते.’

‘आणि बुधवारी काही निघालं तर? मग मी कोणाला सांगू? परत येऊन सांगू का, की मागच्या रविवारचं रद्द करा?’

‘तू आत्तापासून नकारात्मक विचार करू नकोस.’

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ‘पट्टी आणलीयस का सोबत? लाल शाई?’

‘पप्पांना मध्ये आणू नकोस,’ दादा म्हणाला. मोठा आवाज काढला त्याने. एकोणसाठ वर्षांचा माणूस, आणि डोळ्यांत पाणी.

‘मी नाही आणत, तूच त्यांना अंगात घालून आलायस!’ हे आतून बाहेर आले आणि म्हणाले, ‘चहा गार होतोय.’ दादा चहा न पिता गेला. शुक्रवारी सकाळी सहाला फोन वाजला नाही. शनिवारीही नाही. इतक्या महिन्यांनंतर ते दोन दिवस सहा वाजता मी फोन हातात घेऊन बसले होते आणि त्याला शिव्या घालत होते.

आज चर्च भरलेलं. पाहुणे पुढच्या बाकांवर. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं, मी पुढे गेले. डोक्याला रुमाल बांधलेला, केस अजून बोटभरच आलेत. माझ्या हातात कागद नव्हता. मी म्हटलं, ‘मला साक्ष द्यायची होती की मी बरी झाले. ती मी देऊ शकत नाही. औषधं संपली, एवढंच खरं आहे. मी बरी झालेय का, हे डॉक्टरांना माहीत नाही, मला माहीत नाही. प्रभूला माहीत असेल, पण त्याने मला अजून सांगितलेलं नाही. मंगळवारपासून मला दुखतंय. बुधवारी तपासणी आहे. मी खूप घाबरलेय. तुम्ही माझं नाव यादीतून काढलंत ते परत घाला. माझ्या आईचं काढलं होतं, ते परत कोणी घातलं नाही, आणि तिने मागितलंही नाही.’

कोणी आमेन म्हणालं नाही. पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते, मग दादाकडे. मला वाटलं, झालं, आता उद्यापासून मंडळीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तेवढ्यात मागून एक म्हातारी, आपल्या आळीतली, तिच्या पोरांना तू टोचलेलं असशील, ती बसल्या जागेवरून ओरडली, ‘मग माझा गुडघा पण घाल रे वहीत! नाताळात बरा झाला म्हणून सांगितलेलं, पण झालेला नाय तो!’ दोन-चार जण हसले. मला पण हसू आलं. आणि हसू विरायच्या आत पोस्टातून रिटायर झालेले एक गृहस्थ उभे राहिले. कधी कोणाशी चार शब्द न बोलणारा माणूस. म्हणाले, ‘आमच्या धाकट्याची दारू सुटली, अशी साक्ष मी दिली होती. सुटलेली नाही. त्याचं नाव घाला.’ आणि खाली बसले. त्यांच्या बायकोने त्यांचा हात धरला. मग आणखी एक बाई, मग आणखी एक. दादा वही उघडून लिहीत होता, चष्मा पुन्हापुन्हा वर करत. सगळ्यांत आधी त्याने माझं नाव लिहिलं, ते मी पुढून पाहिलं. मग उभा राहून त्याने सगळी नावं वाचली, आणि माझ्या नावाला त्याचा आवाज चिरला, अगदी पप्पांचा चिरायचा तसा.

इथपर्यंत सगळं छान आहे ना? मलाही वाटलं होतं की आता घरी जाईन आणि ताठ मानेने तुझ्याशी भांडेन. पण बाहेर पडल्यावर दादा फाटकाजवळ थांबलेला. म्हणाला, ‘बुधवारी मी येतो कोल्हापूरला.’ म्हटलं, ‘ये. पिशवी धरायला माणूस हवंच आहे.’ तो हसला नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर बोट घासत राहिला. मग म्हणाला, ‘एक विचारू? आईला सात महिने दुखत होतं. मी चिपळूणला, पप्पा शाळेत. घरात तूच असायचीस. तुला कधी काही जाणवलं होतं का गो?’

मी म्हटलं, ‘नाही.’

त्याने मान हलवली. ‘मला वाटायचं, मी घरी असतो तर मला कळलं असतं. उगाच कॉलेजच्या मागे लागलो,’ म्हणाला, आणि गाडीकडे गेला. चाळीस वर्षं हे ओझं तो वागवतोय, आणि मी ते त्याच्याच खांद्यावर राहू दिलं. आत्ताच, साक्ष देऊन बाहेर आल्यावर, पाच मिनिटांत.

वर मी लिहिलंय की तू कोणाला कळू दिलं नाहीस. ते खोटं आहे. त्या सात महिन्यांत एकदा शाळा लवकर सुटली होती, मी मागच्या दाराने आले. तू धुण्याच्या दगडावर दोन्ही हात टेकून ओणवी झालेलीस, कपाळ ओल्या चादरीवर. तोंडातून आवाज येत होता तो मी त्याआधी फक्त गाईचा ऐकला होता, व्यायला झालेल्या. मला बघून तू सरळ झालीस. म्हणालीस, ‘काही नाही गो. पाठ भरून आलीय. पप्पांना सांगू नकोस हां, उगाच.’ मी तेरा वर्षांची होते, नर्सची मुलगी होते, पाठ कशाने भरते आणि कशाने नाही ते मला कळत होतं. सगळं नाही, पण दादाला एक पोस्टकार्ड टाकण्याइतकं नक्की कळत होतं. मी टाकलं नाही. माझ्या वर्गात, चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथशाळेत, मी सगळ्यांना सांगून बसले होते की माझ्या आईचा कॅन्सर पप्पांच्या प्रार्थनेने गेला. बाईंनी मला पुढे बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

बुधवारी दादा गाडीत मागे बसणार आहे, घाट बराच लांब आहे. त्याला सांगता येतं का बघते. हे पान त्याला दाखवणार नाही, तेवढी माझी छाती नाही. पण तुला सांगते. धुण्याच्या दगडाजवळ तुला तशी पाहिली, त्याच्या पुढच्या रविवारी शब्बाथशाळेत बाई म्हणाल्या, ‘डोळे मिटा आणि मनातली एक विनंती प्रभूला सांगा.’ मी डोळे गच्च मिटले आणि म्हटलं, ‘प्रभो, पप्पांची साक्ष खोटी पडू देऊ नकोस.’ एवढंच मागितलं. तुझ्यासाठी काहीच मागितलं नाही, आई.